जुनी मराठी वर्तमानपत्रं आणि मासिकं शोधायची कशी?

सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. त्या सभांबद्दल त्यांच्याच 'दीनबंधू'त काय छापून आलं होतं, हे एका विद्यार्थिनीला हवं होतं. चार ग्रंथालयं पालथी घालून ती माझ्याकडे आली. वहीत चार ओळी होत्या आणि चारही ओळींत एकच शब्द: 'नाही'. विषय बदलू का, असं तिनं विचारलं.

बदलू नकोस, असं मी सांगितलं. मात्र प्रश्न बदलायला सांगितला. 'अंक कुठे आहे?' असं विचारण्याऐवजी 'हा अंक छापून बाहेर पडला तेव्हा कोणाकोणाच्या हातात गेला?' असं विचारायचं. एक प्रत वर्गणीदाराच्या घरी गेली. एक गावच्या वाचनालयात गेली. एक अदलाबदलीत दुसऱ्या संपादकाच्या टेबलावर पडली. एक सरकारी भाषांतरकारानं वाचली. मजकूर झोंबणारा असेल, तर एक कोर्टात पुरावा म्हणून दाखल झाली. एका वाटेवरची प्रत वाळवीनं खाल्ली, तरी बाकीच्या वाटा उरतात. पुढची सगळी पद्धत या एका विचारावर उभी आहे.

बाहेर पडण्याआधी: नाव, गाव, साल

पहिला दिवस घरी बसून घालवा. नियतकालिकाचं नेमकं नाव, निघण्याचं गाव, ते रोज निघत होतं की आठवड्याला की महिन्याला, आणि कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, एवढं कागदावर उतरवा. यासाठी मराठीत एक फार मोठं काम होऊन बसलेलं आहे. शं. ग. दाते, दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे यांची 'मराठी नियतकालिकांची सूची' १८०० ते १९५० या काळासाठी आहे आणि ती मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयानं काढली. संगणक नसताना माणसांनी अंक हाताळून, चिठ्ठ्या लिहून केलेलं हे काम आहे. तुमच्या नियतकालिकाची नोंद आधी तिथे पाहा. जोडीला रा. गो. कानडे यांचा नियतकालिकांचा आणि रा. के. लेले यांचा वृत्तपत्रांचा इतिहास ठेवा. ही पुस्तकं जिल्ह्याच्या मोठ्या ग्रंथालयांत मिळतात.

नावाच्या बाबतीत फसगत ठरलेली असते. 'मराठा' म्हटलं की टिळक-आगरकरांच्या काळातला, २ जानेवारी १८८१ ला सुरू झालेला पुण्याचा इंग्रजी साप्ताहिक 'मराठा' एक, आणि आचार्य अत्र्यांचा नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत निघालेला मराठी दैनिक 'मराठा' दुसरा. ग्रंथालयाच्या यादीत दोन्ही एकाखाली एक येतात आणि घाईत चुकीची फाईल, म्हणजे बांधून ठेवलेल्या अंकांचा गठ्ठा, मागवली जाते. काही पत्रांनी गावही बदललं. 'दीनबंधू' कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ ला पुण्यात सुरू केला आणि पुढे लोखंडे तो मुंबईहून काढू लागले. फक्त पुण्यात शोधणाऱ्याला अर्धाच 'दीनबंधू' भेटणार.

आता तारीख. एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच अंकांवर शके आणि तिथी असते, आणि नंतरच्या लेखकांनी संदर्भ देतानाही तेवढंच दिलेलं असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेत शिकलेलं असतं. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे १ जानेवारीनंतरच्या पौष, माघ, फाल्गुनासाठी ७९ मिळवावे लागतात. 'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा, म्हणजे शके १८०२ च्या पौषातला. इथे ७८ मिळवणारा माणूस १८८० सालात, 'केसरी' जन्मालाही आलेला नसताना, 'केसरी' शोधत बसतो. मी स्वतः एका मासिकाचा लेख शोधताना या एका वर्षाच्या फरकानं दोन दिवस घालवले आहेत. तेव्हापासून तिथीची तारीख जंत्रीवरून, म्हणजे तिथी आणि इंग्रजी तारखांचा मेळ देणाऱ्या तक्त्यावरून, ताडल्याशिवाय मी फाईल मागवत नाही.

वारानंही पडताळा होतो. सुरुवातीची अनेक वर्षं 'केसरी' मंगळवारी निघत असे. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा अग्रलेख ६ जुलै १८९७ चा, आणि त्या दिवशी मंगळवारच होता. कोणी 'केसरी, ८ जुलै १८९७' असा संदर्भ दिला असेल, तर तो अंक पाहून दिलेला नाही, हे तिथेच कळतं.

मासिकांत आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. जुन्या मासिकांवर 'पुस्तक ५, अंक ३' असं छापलेलं असतं. तिथे 'पुस्तक' म्हणजे वर्ष किंवा खंड. या शब्दामुळे 'विविधज्ञानविस्तार'चे अंक स्वतंत्र पुस्तकं समजून ग्रंथ विभागात नोंदलेलेही आढळतात. नियतकालिकांच्या यादीत नाही मिळालं, तर ग्रंथांच्या यादीत शोधा.

फायली जिथे आहेत तिथे

वाचनालयाची वाट सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळ्यात भरवशाची. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचं १८९८ मध्ये सुरू झालं. ही नावं पाठ करायला देत नाही. तुमच्या पत्राच्या काळात जे वाचनालय चालू होतं आणि त्या पत्राच्या गावाजवळ होतं, तिथे ते वर्गणीनं येत असण्याचा संभव जास्त. म्हणून आधी सालं जुळवा, मग एस.टी. पकडा.

पुण्यात तर आठवडा काढूनच जावं. नारायण पेठेतल्या केसरीवाड्यात 'केसरी' आणि 'मराठा'च्या फायली आहेत. गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय, भारत इतिहास संशोधक मंडळ, विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय, हे सगळं एका शहरात आहे. मुंबईत एशियाटिक सोसायटी आहे. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशित पुस्तकांच्या प्रती देशातल्या ठरलेल्या चार ग्रंथालयांना पाठवणं बंधनकारक झालं आणि १९५६ पासून त्यात वृत्तपत्रंही आली. त्या चारांत एक मुंबईची एशियाटिक आणि एक कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय. स्वातंत्र्योत्तर काळातलं लहान गावचं साप्ताहिक गावात मिळालं नाही, तर इथे विचारा. दिल्लीत तीन मूर्ती भवनाच्या ग्रंथालयात वृत्तपत्रांच्या मायक्रोफिल्मचा मोठा साठा आहे.

जाण्याआधी पत्र पाठवा. 'जुने अंक पाहायचे आहेत' एवढंच लिहिलं तर उत्तर येत नाही. नाव, गाव, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत आणि कशासाठी, हे चार ओळींत लिहा. सोबत ओळखपत्राची प्रत आणि विद्यार्थी असाल तर विभागप्रमुखांचं पत्र. फोटो काढू देतात का, हे आधीच विचारून ठेवा. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो.

आणि संदर्भ विभागातल्या शिपाईमामांशी नीट बोला, हे मी मनापासून सांगते. यादीत नसलेली फाईल कोणत्या कपाटाच्या माथ्यावर आहे, हे बऱ्याचदा त्यांनाच ठाऊक असतं. मला एका साप्ताहिकाचं हरवलेलं वर्ष अशाच एका मामांनी काढून दिलं. बांधणाऱ्यानं पुठ्ठ्यावर चुकीचं साल टाकलं होतं आणि त्यांना ते वीस वर्षांपासून माहीत होतं.

ती फाईल उघडतानाचं अजून आठवतं. १९३० च्या दशकातला न्यूजप्रिंट चहाच्या रंगाचा झालेला. पान उलटायला बोट लावलं की कडेचा तुकडा पापडासारखा मोडायचा. बांधणीत शिवण आत गेल्यामुळे डावीकडच्या रकान्याची पहिली दोन अक्षरं दिसत नव्हती. एका अंकावर टपालाचा कागदी पट्टा तसाच चिकटलेला होता आणि त्यावर निळ्या शाईत वर्गणीदाराचं नाव नि गाव. पत्र कुठवर पोचत होतं याचा तो सगळ्यात खरा पुरावा. असे पट्टे, शिक्के, समासातल्या खुणा दिसल्या की मजकुराइतक्याच काळजीनं टिपून घ्या.

कागदाबद्दल एक नवलाची गोष्ट. १८४० च्या सुमाराचा अंक पुष्कळदा १९४० च्या अंकापेक्षा धडधाकट असतो. आधीचा कागद चिंध्यांपासून केलेला, नंतरचा लाकडाच्या लगद्याचा. त्यात आम्ल असतं आणि ते कागदाला आतून जाळत जातं. म्हणून जास्त घाई विसाव्या शतकातल्या अंकांची आहे.

हाताळताना फाईल सपाट ठेवा. दोन्ही हातांनी पान वरच्या कोपऱ्यातून उलटा, थुंकी लावू नका, शाईचं पेन टेबलावरही नको. फोटो फ्लॅशशिवाय, खिडकीच्या उजेडात. पहिला फोटो पुठ्ठ्याचा, दुसरा अंकाच्या मथळ्याचा, मग पूर्ण पान, मग हवा तो रकाना. नुसत्या रकान्याचा फोटो घेऊन घरी आलात, तर महिन्याभरानं तो कोणत्या अंकातला हे देवालाही सांगता येणार नाही. त्याच संध्याकाळी फोटोंना नावं द्या: केसरी-१८९७-०७-०६-पान-३, या धर्तीवर. साल आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमानं लागते.

घरबसल्या काय मिळतं

पुष्कळ मिळतं, पण शोधायची रीत वेगळी. इंटरनेट आर्काइव्हवर भारतातल्या अनेक ग्रंथालयांतून स्कॅन झालेली मराठी मासिकं आहेत. तिथली नावं बहुधा रोमन लिपीत आणि ज्यानं टाकली त्याच्या मर्जीच्या स्पेलिंगात असतात. 'ज्ञान' या एका शब्दाला रोमनमध्ये डी-एन-वाय, जे-एन आणि जी-वाय अशी तीन तरी रूपं मिळतील. परदेशी ग्रंथालयांच्या यादीत त्यावर टिंबं-रेघाही असतात. सगळी रूपं करून पाहा, नंतर देवनागरीत, नंतर फक्त संपादकाच्या आडनावानं.

एशियाटिक सोसायटीनं आपल्या दुर्मीळ साठ्यासाठी 'ग्रंथ संजीवनी' हे संकेतस्थळ केलं आहे, त्यात जुनी वृत्तपत्रंही आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ नोंदणी करून फुकट वापरता येतं. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे १८३८ पासूनचे अंक प्रोक्वेस्ट या वर्गणी भरून वापरायच्या ऑनलाइन संग्रहात आहेत. ती वर्गणी महाग, पण अनेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ती असते, तिथे बसून पाहता येतात. गोव्यासाठी पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय. त्याची स्थापना १८३२ ची, आणि त्यांनी जुन्या गोमंतकीय वृत्तपत्रांचं डिजिटायझेशन केलं आहे. मात्र तिथे काम करायचं तर थोडं पोर्तुगीज यायला हवं. निदान महिने, वार आणि 'मृत्यू', 'सभा', 'निवडणूक' असे शंभरेक शब्द तरी.

स्कॅनमध्ये शब्द टाकून शोधता येतो तिथे जुनं शुद्धलेखन आड येतं. 'म्हणून' तिथे 'ह्मणून' आहे, 'काही' तिथे 'कांहीं', 'पुणे' तिथे 'पुणें'. शब्दसुद्धा त्या काळचा टाका. १८९७ मधली प्लेगची बातमी 'प्लेग' म्हणूनही सापडेल आणि 'ग्रंथिक सन्निपात' म्हणूनही. पुरवणीला तेव्हा 'क्रोडपत्र' म्हणत. हे शब्द कोशातून मिळत नाहीत. त्याच पत्राचे दहा-पंधरा अंक आधी नुसते वाचायचे, मग ते आपोआप हाताशी येतात.

सरकारनं वाचलेली प्रत

ही वाट विद्यार्थी सगळ्यात शेवटी धरतात, खरं तर ती दुसऱ्याच दिवशी धरायला हवी. ब्रिटिश सरकार देशी भाषांतली पत्रं नियमित वाचवून घेत होतं. मुंबई इलाख्यात दर आठवड्याला त्यांतल्या मजकुराचे इंग्रजी गोषवारे छापले जात. 'रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स' या नावानं ते ओळखले जातात. अधिकाऱ्यांपुरते ते गोपनीय होते. ज्या पत्राचा एकही अंक आज हाती लागत नाही, त्याचा चार ओळींचा सारांश तिथे सापडू शकतो.

या अहवालांना जोडलेल्या याद्या तर मला गोषवाऱ्यांहूनही मोलाच्या वाटतात. पत्राचं नाव, गाव, कधी निघतं, संपादकाचं नाव, जात, वय आणि खप. खपाचे आकडे अंदाजानं दिलेले असत, ते तसेच घ्या. पण एखादं पत्र कोणत्या साली चालू होतं आणि कोण चालवत होतं, हे ठरवायला याच्याइतकं सोयीचं साधन दुसरं नाही.

ते मुंबईत महाराष्ट्र पुराभिलेख संचालनालयात, म्हणजे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, तसंच लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात पाहता येतात. वाचताना एक भान सुटू देऊ नका. भाषांतरकार सरकारचा नोकर होता. सरकारला खुपेल ते त्यानं निवडलं. लग्नाच्या जाहिराती, कविता, वाचकांची पत्रं, बाजारभाव त्याला नको होते. त्यामुळे या अहवालांतून दिसणारं मराठी वर्तमानपत्र सतत भांडत असलेलं दिसतं. अंक हातात घेतला की त्यात केवढं तरी साधं जगणंही असतं.

विदर्भ आणि मराठवाड्यावर काम करणाऱ्यांनी त्या वेळचा नकाशा समोर ठेवावा. नागपूर मध्य प्रांतात होतं, मराठवाडा निजामाच्या राज्यात. मुंबईच्या दप्तरावर विसंबून भागत नाही. पुराभिलेखाच्या नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शाखांपासून सुरुवात करा. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर इथे निघालेल्या मराठी पत्रांसाठी त्या त्या संस्थानांच्या राजधानीतलं जुनं ग्रंथालय गाठा.

खटले झालेल्या पत्रांची एक वेगळीच सोय होते. टिळकांना २७ जुलै १८९७ ला अटक झाली आणि १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची शिक्षा. त्या खटल्यात 'केसरी'च्या १५ जूनच्या अंकातला मजकूर इंग्रजी भाषांतरासह कोर्टापुढे आला. शिवराम महादेव परांजप्यांच्या 'काळ'चंही तसंच. अग्रलेखावर खटला झाला असेल, तर कोर्टाचे कागद आणि त्या दिवसांची इंग्रजी पत्रं दोन्ही काढा. भाषांतर मूळ मराठीशी ताडून पाहण्यात एक स्वतंत्र लेख दडलेला असतो.

प्रतिस्पर्ध्याच्या टेबलावर, मिशनच्या पेटीत, घराच्या माळ्यावर

संपादक एकमेकांचे अंक अदलाबदलीनं घेत आणि त्यांतले उतारे छापून त्यांवर तुटून पडत. म्हणून हवा तो अंक नसेल, तर त्याच आठवड्याचे आणि पुढच्या दोन आठवड्यांचे विरोधकांचे अंक वाचा. पुण्याचा 'ज्ञानप्रकाश' १८४९ पासून आणि मुंबईचा 'इंदुप्रकाश' १८६२ पासून निघत होता. या दोघांनी कोणाकोणाला उत्तरं दिली, हे पाहत गेलं की हरवलेल्या मजकुराचे तुकडे जुळायला लागतात. अमेरिकन मराठी मिशनचा 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झाला. समाजसुधारणेवरच्या वादांत तो हमखास उतरलेला असतो. त्या मिशनची कागदपत्रं पार हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयापर्यंत गेलेली आहेत. परदेशात कोणी ओळखीचं शिकत असेल, तर त्यांना विनंती करा.

पुनर्मुद्रणं हाताशी असतील तर वापरा. महाराष्ट्र शासनानं १९९० मध्ये डॉ. आंबेडकरांचे 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' एकत्र प्रसिद्ध केले आणि त्यामुळे ते घरोघरी पोचले. पण नुसते निवडक अग्रलेख घेऊन केलेल्या संग्रहांत शुद्धलेखन बदललेलं असतं, आणि त्या अग्रलेखाशेजारी कोणती बातमी, कोणती जाहिरात होती हे कळायला मार्ग राहत नाही. अवतरण घ्यायचं तर शक्य तिथे मूळ अंकाशी ताडूनच घ्या.

घरगुती साठे मात्र सूचीत नसतात. 'स्त्री', 'किर्लोस्कर', 'मनोहर', दिवाळी अंक, हे कितीतरी घरांत माळ्यावर ट्रंकेत बांधून ठेवलेले आहेत. नात्यागोत्यात, गावच्या जुन्या शिक्षकांकडे, डॉक्टर-वकिलांच्या घरी विचारा. मला माहीत असलेल्या एका संस्थेनं जागा नाही म्हणून चाळीस वर्षांच्या फायली रद्दीत घातल्या. त्यांतल्या काही एका विक्रेत्याकडून एका निवृत्त शिक्षकांनी वजनावर विकत घेतल्या आणि आज त्या त्यांच्या पडवीत आहेत. कोणी असे अंक दाखवले तर त्यांच्या घरीच बसून फोटो घ्या आणि त्यातला एक संच त्यांनाही द्या.

सापडलं ते आणि नाही सापडलं तेही

टिपण करताना पत्राचं नाव, गाव, पुस्तक-अंक, अंकावर छापलेली तिथी, तुम्ही काढलेली तारीख, पान, रकाना आणि प्रत कुठे पाहिली, हे आठही तपशील लिहा. सारांशावरून घेतलं असेल तर तसं स्पष्ट लिहा. इंग्रजी गोषवारा मराठीत आणून तो मूळ मजकूर म्हणून अवतरणात घालणं ही लबाडी आहे, आणि ती आपल्याकडे फार होते.

छापायचं असेल तर हक्कांचं पाहा. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष धरून पुढे साठ वर्षं हक्क राहतो. निनावी मजकुरासाठी ही साठ वर्षं प्रसिद्धीपासून मोजतात. संपादकीय, बातम्या निनावी असल्या तरी सहीचा लेख असेल तर लेखकाच्या निधनाचं साल शोधावं लागतं.

आणि एक वही 'नाही'ची ठेवा. कोणत्या ग्रंथालयात, कोणत्या तारखेला, कोणत्या वर्षाची फाईल मागितली आणि काय उत्तर आलं. 'फाईल नाही', 'फाईल आहे पण बांधणीला गेली', 'फाईल आहे पण जुलै ते सप्टेंबर नाही', ही तीन वेगवेगळी उत्तरं आहेत. बांधणीला गेलेली सहा महिन्यांनी परत येते. त्या विद्यार्थिनीच्या वहीतल्या चारपैकी एका ओळीत असंच निघालं. तिला काउंटरवर 'नाही' सांगितलं होतं, ते त्या दिवसापुरतं होतं. ती आता सोमवारी परत जाणार आहे. त्याआधी सप्टेंबर-ऑक्टोबर १८८४ चे आठवड्याचे सरकारी गोषवारे, त्याच दिवसांतला 'इंदुप्रकाश' आणि मुंबईच्या फॅक्टरी कमिशनचा अहवाल, एवढं तिनं मागणीपत्रावर लिहून ठेवलं आहे.